काळीज उजवीकडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा काष्ठौषधींचं किरकोळ दुकान, गल्लीत 'कडूकाका' म्हणून ओळखला जाणारा, असं लिहून ठेवतो की हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण तो वयामुळे, आणि माझ्यामागे कुणी काठी घेऊन उभं नाही. समोरच्या डॉक्टरांनी आज सकाळी मला वार विचारला, महिना विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथवर मी गेलो आणि मग म्हटलं, डॉक्टर, पुढचं आता तुम्ही करून दाखवा. त्यांनी दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. स्थावर मिळकत, जंगम मिळकत, वारस, दीड पानात सगळं आटोपत होतं. मी तो दोनदा वाचला. त्यात माझी मिळकत होती, मी कुठे नव्हतो. बाईंना म्हटलं, मी माझ्या हातानं लिहितो, तुम्ही फक्त कायद्याच्या जागा राखा. त्या म्हणाल्या, लिहा, पण कलमं पाडा आणि शिव्या नकोत. कलमं पाडली आहेत.

आता हे आत्ताच का, ते सांगतो. माझी मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथली मुख्य आहे. गेली नऊ वर्षं ती माझ्याशी बोलत नाही. पण दर सहा महिन्यांनी तिच्याकडची एक मुलगी सुई घेऊन येते, माझं रक्त नेते आणि आठवड्यानं पाकीट येतं. आत चिठ्ठी नसते. यकृताचे जे पाच-सहा आकडे असतात त्यांच्यापुढे पेन्सिलीची एक बारीक बरोबरची खूण असते, बस. अशा सतरा खुणा माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. अठराव्या वेळी, म्हणजे गेल्या महिन्यात, खूण नव्हती. एका आकड्याभोवती गोल होता आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मोठ्या दवाखान्यात दाखवा.' नऊ वर्षांत तीन शब्द. ते मी किती वेळा वाचले हे सांगत नाही, शुद्धीचा दाखला रद्द व्हायचा.

दाखवलं. यकृतच आहे. जन्मभर लोकांच्या यकृतासाठी कडू कुटणाऱ्याचं यकृतच बिघडावं, यावर गल्लीत कुणी हसलं तर माझी हरकत नाही, मीही हसलो. तिथले लोक म्हणतात, काही महिने नक्की, पुढचं पुढे बघू.

म्हणून हा कागद. यात घर आहे, दुकान आहे, खल आहे, थोडी भांडणंही आहेत. पण मी बसलोय ते शेवटच्या कलमासाठी. माझ्या मुलीनं नऊ वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला होता: आईचा हात कुठे होता? मी एका शब्दात उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही आणि त्या दिवसापासून ती दुकानाची पायरी चढली नाही. त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला या कागदात द्यायचं आहे. एकदम तिथे पोचता येत नाही, म्हणून आधी घरापासून सुरुवात करतो.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, जिना आणि गच्चीतला आमचा वाटा माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावा. तिचं कागदोपत्री नाव वकीलबाईंनी मागच्या पानावर घातलं आहे. मी तिला चिमटी म्हणतो आणि इथेही तेच म्हणणार. जन्मली तेव्हा एवढीशी होती की माझे वडील म्हणाले, हे काय, चिमटीभर? आमच्या दुकानात चिमटी हे माप आहे, तीन बोटांत मावेल तेवढं. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, पण माप तेच राहिलं.

स्वयंपाकघरात शेगडीच्या वर भिंतीला एक तपकिरी डाग आहे. वर्षानुवर्षं रोज सकाळी तिथे काढा उकळला, त्याच्या वाफेचा तो डाग. तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा डाग वर आला. चिमटीनं हे घर विकलं तरी माझं काही म्हणणं नाही, फक्त घेणाऱ्याला सांगावं की ती ओल नाही, औषध आहे. खिडकीची डावी फळी नीट लागत नाही. तिथे बसून चिमटी अभ्यास करायची, तिच्या वह्यांना वर्गात कडू वास यायचा आणि तिच्या शेजारी कुणी बसायला तयार नसायचं. त्यावरून ती मला फार बोलायची. आता ते बोलणंही आठवलं की बरं वाटतं.

कलम २. खालचं दुकान, त्यातलं ब्याण्णव खणांचं लाकडी कपाट, फळ्या, बरण्या आणि दारावरची पाटी, हेही चिमटीलाच.

पाटीविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे. ती माझ्या वडिलांनी लावली. तिच्यावर लिहिलंय, 'काळजाच्या तक्रारींवर कडू औषध मिळेल.' वडिलांच्या लेखी काळीज म्हणजे यकृत. उजव्या बरगड्यांखाली असतं ते. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो काय देतो, असं ते विचारायचे आणि विषय संपवायचे. शब्द बरोबरच होता. पण बाकीचं जग काळीज म्हणतं आणि डावीकडे छातीवर हात ठेवतं. त्यांचं काळीज धडधडतं, तुटतं, कुणी टोमणा मारला तर तिथेच लागतं. त्यामुळे आमच्याकडे कसकशी माणसं यायची. एकदा एक शिंपी आला, डोळे रडून लाल. वडिलांनी विचारलं, काय होतंय? म्हणाला, काळीज तुटलंय. वडील म्हणाले, लघवी पिवळी होते का? तो रडायचा थांबला तो थांबलाच. पुढे वर्षभरानं लग्नाची मिठाई घेऊन आला, म्हणजे गुण आला म्हणायचा.

चिमटीची आई लग्न होऊन घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. (तिला मी कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं'वर चाळीस वर्षं निभावली, म्हणून इथेही तिला 'ही' म्हणतो.) ही आतल्या पडद्याआड उभी होती. बाहेर वडील एका गवंड्याला विचारत होते, काळीज किती दिवस सुजलंय, घरी बायकोला सांगितलंस का, असं मनात ठेवून कसं चालेल? हिला वाटलं, बिचाऱ्या गवंड्याचं काहीतरी मोठं दुःख आहे. आत जाऊन रडली. मी घाबरलो, म्हटलं, पहिल्याच आठवड्यात काय झालं? कळल्यावर मी हिचा हात धरून उजव्या बरगडीखाली ठेवला आणि सांगितलं, आमच्याकडे काळीज उजवीकडे असतं. ही डोळे पुसत म्हणाली, "मग इतकी वर्षं मी डावीकडे काय सांभाळत होते?"

त्यानंतर ती आमचा शब्द असा शिकली की मलाही मागे टाकलं. गल्ल्याजवळ बसून गिऱ्हाइकांना दम द्यायची, काळीज उजवीकडे, डावीकडे ते हृदय, त्याला समोरच्या डॉक्टरांकडे न्या. चिमटी लहानपणी शाळेत चित्र काढून आली, माणसाच्या पोटात उजव्या बाजूला 'काळीज' लिहून. मास्तरांनी काट मारली. ही शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून आली.

वडिलांची एक शिकवण मात्र शब्दापलीकडची होती. म्हणायचे, माणूस बोलतो एक आणि हात ठेवतो दुसरीकडे. शब्दावर जाऊ नको, हात बघ. आधी हात कुठे आहे ते बघायचं, मग जीभ, मग डोळे, आणि मग विचारायचं. पन्नास वर्षं मी तेच केलं. एकदा सोडून.

कलम ३. औषध. हे कुणाला द्यायचं यावर बरेच जण टपून आहेत.

वडिलांनी मला शपथ घातली होती. औषध कुणाला सांगितलं की त्याचा गुण जातो, म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच सांगितलेलं. तर मी आता इथे लिहितो: भुईआवळी, पुनर्नवा, गुळवेल, कुटकी. लिहिलं. छत जागेवर आहे. कुठलं किती, कुठल्या पाण्यात, किती उकळायचं, ते निळ्या वहीत आहे आणि वही चिमटीची.

पूर्वी यात पाचवंही एक मूळ होतं. त्याचं नाव लिहीत नाही, उगाच कुणी करून पाहील. चिमटी तेव्हा नुकतीच प्रयोगशाळेत लागली होती. तिनं आमच्या गिऱ्हाइकांपैकी सहाजणांना विचारून, पण मला न सांगता, त्यांचं रक्त औषधाआधी आणि औषधानंतर तपासलं. चौघांचं ठीक होतं. दोघांचे आकडे औषधानंतर चढले होते, त्यातला एक सुतार, ज्याला मी रोज सांगत होतो की पिवळेपणा उतरतोय. तिनं ते कागद जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवले. मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, तीन पिढ्या चालत आलंय हे. हिनं हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "तीन पिढ्यांनी रक्त बघितलं नव्हतं. तिनं बघितलंय."

त्या आठवड्यात पाचवं मूळ बंद केलं. एक्केचाळिसावा खण रिकामा झाला, त्यात हिनं शर्टाची जुनी बटणं ठेवली, ती अजून आहेत. सुताराचे आकडे दीड महिन्यात खाली आले. गुण गेला नाही. उलट गेला असेल तर माझा ताठा गेला, आणि तोही पुरता नाही, हे पुढे कळेलच.

आता या औषधाबद्दल एक गोष्ट मी गल्ल्यावर बसून कधी बोललो नाही, ती इथे बोलतो. कावीळ झालेला माणूस बरेचदा विश्रांतीनं, साध्या जेवणानं आणि दारू सुटल्यानंच बरा होतो. माझा काढा त्या दिवसांत त्याला सोबत करतो. तोंड इतकं कडू ठेवतो की बाटली नको होते आणि तळकट नको होतं. रोज सकाळी दुकानात यावं लागतं, मी डोळे बघतो, ओरडतो, त्यामुळे माणूस शिस्तीत राहतो. थोडी भूकही लागते. एवढं त्याचं काम. आधार आहे तो, उपचार नव्हे. दारू चालू ठेवून काढा पिणाऱ्यांना मी हाकलून द्यायचो, ते म्हणायचे कडूकाका तोंडानंही कडू आहे. असू दे.

म्हणून चिमटीला माझी विनंती, अट नव्हे: तिनं ही चारही द्रव्यं तिच्या यंत्रात घालून हवी तशी तपासावीत. त्यात अपाय दिसला तर निळी वही शेगडीत घालावी आणि मला बरं वाटेल. काही दम दिसला तर द्यावं, पण आधी रक्त, मग काढा. ताप असेल, पोटात कळ असेल, शौचाला पांढरं होत असेल, तर एक पुडीही न देता दवाखान्यात. गरोदर बाईला नाही, लहान मुलाला नाही, आणि दुसरी औषधं चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मी यातलं निम्मं पाळायला फार उशिरा लागलो.

कलम ४. माझा पुतण्या. त्याला या औषधाची बाटली काढायची आहे. दोन वर्षांपूर्वी तो मला न विचारता दोनशे रिकाम्या बाटल्या आणि एक छापील लेबल घेऊन आला, 'सात दिवसांत नवं यकृत'. मी म्हटलं, यकृत काय चप्पल आहे, जुनी झाली की नवी घ्यायला? तो म्हणाला, काका, आजकाल असंच लिहावं लागतं. मी त्याला सांगितलं की आपल्या घराण्यानं आजवर पुड्या बांधल्या, पुड्या सोडल्या नाहीत. तो रुसून गेला, बाटल्या इथेच ठेवून गेला, मला वाटलं सुंठेवाचून खोकला गेला. पण गेल्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात मला स्कूटरवर मागे बसवून, माझे हात आपल्या कमरेभोवती घ्यायला लावून नेणारा तोच. चार तास बाकावर बसून राहिला आणि एकदाही बाटल्यांचा विषय काढला नाही. मनानं पोर चांगलं आहे.

तर दोनशे बाटल्या त्याला परत मिळाव्यात, लेबलं सोडून. त्यात त्यानं काय वाटेल ते भरावं, माझं औषध नाही. आणि माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ त्याला द्यावं. ते रोज पाच मिनिटं मागे पडतं, त्याच्या स्वभावाला बरं आहे.

कलम ५. दुकानाबाहेरचं लांब बाकडं समोरच्या डॉक्टरांना मिळावं. त्यांच्याकडे बसायला जागा पुरत नाही आणि त्यांचे पेशंट गेली तीस वर्षं माझ्याच बाकड्यावर बसून माझ्याकडे संशयानं बघत आले आहेत. डॉक्टर नवीन होते तेव्हा एका बाईला म्हणाले होते, समोरचा चिखल पिऊ नका. ते मला त्याच दिवशी कळलं, आमच्या गल्लीत बातमीला पाय नाहीत, पंख आहेत. मी त्यानंतर मुद्दाम दुकानाची रांग त्यांच्या दारापर्यंत लांबू द्यायचो. ते मुद्दाम त्यांच्या नावाचा दिव्याचा फलक माझ्या अंगावर उजेड पाडेल असा लावायचे. वीस वर्षं आम्ही एकमेकांना हिंग लावून विचारलं नाही. हे लिहितोय तोवर ते माझ्यासमोर बसून सकाळचा चहा पितायत. त्यांच्याबद्दलचं उरलेलं शेवटच्या कलमात.

कलम ६. हे वकीलबाईंनी खोडायला लावलं. ते एका घाऊक व्यापाऱ्याबद्दल होतं, जो कुटकीत दुसरंच लाकूड मिसळायचा. तो समजून जाईल.

कलम ७. लोखंडी खल आणि बत्ता चिमटीला. हा खल आतून एका बाजूला जास्त झिजला आहे, कारण कुटायला ही बसायची आणि ती डावखुरी होती. पहाटे सहाला सुरू व्हायचं. तीन ठोके जवळजवळ, मग एक लांब, मग भरड चाळणीत ओतल्याचा आवाज, मग पुन्हा. चिमटी पाढे त्याच ठोक्यावर शिकली, त्यामुळे तिला सतराचा पाढा कुणी मध्येच थांबवला की पुढचा यायचा नाही. माझ्या आयुष्यातलं सुख नक्की कुठलं, असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळी सांगेन: खाली खलाचा ठोका, वर सतरा साते एकशे एकोणीस, आणि मी मध्ये जिन्यावर उभा, दोन्ही ऐकत. तेव्हा वाटायचं, हे रोजचंच आहे.

ही गेल्यावर मी स्वतः कुटायला बसलो, तर उजव्या हातानं त्या झिजलेल्या बाजूला बत्ता बसेना. मी बसायची जागा बदलली. खल तसाच ठेवला. चिमटीला जड वाटला तर दार उघडं ठेवायला अडण म्हणून वापरावा, पण विकू नये.

तराजूही तिलाच. त्याचा काटा थोडा हलका आहे. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

कलम ८. बँकेत जे काही असेल त्यातून दवाखान्याचं भागवावं आणि उरलेलं चिमटीचं. यापेक्षा त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ९. आता ते.

नऊ वर्षांपूर्वी, दुपारी तीनच्या सुमाराची वेळ. मी मागच्या खोलीत तराजू घेऊन बसलो होतो. त्याच घाऊक व्यापाऱ्याची कुटकी आली होती आणि मी रागारागानं ती निवडून तोलत होतो. ही दारात आली आणि म्हणाली, "अहो, काळजात कसंतरी होतंय."

आमच्या घरात चाळीस वर्षं या शब्दाचा एकच अर्थ होता. तो अर्थ तिनं स्वतः शेकडो लोकांना समजावला होता. मी मान वर न करता म्हटलं, सकाळचं तळलेलं बाधलं असेल, काढा आहे त्यातला अर्धी वाटी घे. तिनं घेतला. म्हणाली, आज फारच कडू झालाय हो. मी म्हटलं, गोड झाला तर मला नाव बदलावं लागेल. ती थोडी हसली. तिचं शेवटचं हसू माझ्या एका शिळ्या विनोदावर गेलं.

पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि "काळजात" एवढंच म्हणाली. काटा स्थिर होत नव्हता, मी काट्याकडे बघत होतो. म्हटलं, जरा पड जा, उठल्यावर बरं वाटेल. समोर डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. वीस पावलं. मला एकदा वाटून गेलं, दाखवावं का? पण चिखल म्हणणाऱ्याच्या दारात बायकोला घेऊन जायचं, आणि तेसुद्धा काळजाच्या तक्रारीसाठी, माझ्याच पाटीखालून? नाही गेलो. हेही लिहून ठेवतो, कारण नुसत्या शब्दावर ढकललं तर ते अर्धंच खरं होईल.

चारला मी आत गेलो. मग डॉक्टर अनवाणी धावत आले. त्यांनी गुडघ्यावर बसून जे करायचं ते सगळं केलं, घामानं निथळले, तरी थांबेनात. मीच शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

चिमटी संध्याकाळी आली. रडली नाही. आधी तिनं वाटी बघितली, तळाशी गाळ होता. मग मला विचारलं, आई काय म्हणाली होती? मी शब्द सांगितला. तिनं विचारलं, "आईचा हात कुठे होता?"

मी म्हटलं, "उजवीकडे."

तिनं वाटी उचलून बाजूला ठेवली. म्हणाली, "आजोबा म्हणायचे, शब्दावर जाऊ नको, हात बघ. तुम्ही बघितला होतात ना, बाबा?" मी म्हटलं, बघितला, उजवीकडेच होता. डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी आल्या आल्या हिचा हात कुठे आवळलेला होता ते पाहिलं होतं, आणि मी काय बोललो तेही ऐकलं. ते खाली बघत राहिले. चिमटीनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "खरं सांगाल तेव्हा येईन." त्यानंतर सतरा खुणा आल्या, ती आली नाही.

डॉक्टरांनी हे नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी बातमी फिरवली असती तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती, ते गप्प राहिले. महिनाभरानं एकदा रस्ता ओलांडून आले, एवढंच म्हणाले, ते तुम्हीच सांगायचं आहे, मी नाही. तेव्हापासून दर दुपारी तीनला चहाला येतात. परवा त्यांच्याच बोलण्यातून निघालं की चिमटी दर महिन्याला त्यांना फोन करून विचारते, बाबा जेवतात का?

तर उत्तर. पहिल्यांदा ती दारात आली तेव्हा हात कुठे होता, मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही. दुसऱ्यांदा काट्याकडे बघता बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसला. दिसला, आणि मी पुन्हा काट्याकडे बघितलं. चाळीस वर्षं तिनं माझ्या घराचा शब्द वापरला. जिवावर बेतलं तेव्हा तिच्या तोंडून तिचा स्वतःचा शब्द आला, लहानपणचा, माहेरचा, सगळं जग ज्या अर्थानं बोलतं त्या अर्थाचा. आणि मी तिला गिऱ्हाइकासारखं ऐकलं. नाही, गिऱ्हाइकाचा मी हात तरी बघायचो.

चिमटी, हात डावीकडे होता. मी बघितला होता. तुला खोटं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर मला स्वतःला ते ऐकू आलं असतं. मला तुझी फार आठवण येते.

यापुढची व्यवस्था. वकीलबाई म्हणाल्या, हा कागद बंद पाकिटात राहील आणि तुमच्या पश्चात उघडला जाईल. मी म्हटलं, नाही. दुकान बंद झाल्यावर पुडी बांधून काय उपयोग? याची एक प्रत आजच, सह्या झाल्या झाल्या, पुतण्या स्कूटरवरून चिमटीच्या हातात देऊन येईल. घड्याळ त्याला आत्ताच दिलं आहे, म्हणजे पाच मिनिटं उशीर होईल.

पाटीवरचा 'काळजाच्या' हा शब्द आज पुसायचा आहे. दर तीन वर्षांनी ती अक्षरं गिरवणारे पेंटर शिडी घेऊन बाहेर उभे आहेत. त्यांनी विचारलं, मोकळ्या जागेत काय लिहू? डॉक्टर म्हणाले, यकृताच्या. मी म्हटलं, तूर्त मोकळीच ठेवा. ती आली की तिला विचारा, आणि नाही आली तर डॉक्टर म्हणतात तसं.

याआधी मी केलेलं कुठलंही लिखाण, आश्वासन, किंवा रागाच्या भरात पुतण्याला दिलेली धमकी या कागदानं रद्द समजावी. वर लिहिलेलं सगळं माझ्या मनानं आणि माझ्या हातानं.

सही: कडूकाका, काष्ठौषधीवाले

साक्षीदार पहिला: समोरचा डॉक्टर. लिहून देणारे पूर्ण शुद्धीत आहेत. कलम नऊ त्यांनी मला वाचायला दिलं, मी वाचलं. त्या दिवशी मी तिथे होतो. हात डावीकडेच होता. सही.

साक्षीदार दुसरा: पाटी रंगवणारा. माझ्यासमोर सही झाली. शब्द पुसला आहे, खालचं लाकूड अजून चांगलं आहे. सही.

दिनांक एकोणीस फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. पुढच्या दाराला खल लावून ठेवला आहे, दार उघडं आहे.